दिवा वाढवणे

काउंटरशी आलेलं गिऱ्हाईक यंत्र पिशवीतून बाहेर काढायच्या आधीच बोलतं, "मुजावर, लॅम्पचं आयुष्य जरा वाढवून द्या." मी म्हणतो, "साहेब, आयुष्य वाढवणारा वर बसलाय. मी खाली बसतो, मी फक्त धूळ झटकतो." काही जण हसतात. पेठेतली जुनी गिऱ्हाइकं हसत नाहीत. ती यंत्राकडे बघत म्हणतात, "मग धूळ तरी नीट झटका."

शनिवार पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या बोळात माझं प्रोजेक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. आडनाव मुजावर. मुजावर म्हणजे दर्ग्याची देखभाल करणारे, तिथली दिवाबत्ती पाहणारे. ते काम आजोबांच्या मागेच सुटलं. वडील वायरमन झाले, मी प्रोजेक्टरवाला झालो. दर्गा सुटला, दिवा काही सुटला नाही.

आमच्या घरात मराठी आणि दखनी दोन्ही एकाच ताटात. आई दिवसभर शेजारणींशी मराठी बोलायची, पण दिव्याची गोष्ट आली की दखनीवर यायची. लहानपणी मी एकदा म्हणालो, "अम्मा, कंदील विझवू?" तर पाठीत धपाटा बसला. "बुझाना नको बोल रे. चिराग बढाना बोल." दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. घालवायचा, पण तोंडाने वाढो म्हणायचं. मला तेव्हा तो वेडेपणा वाटला. पुढे पोटापाण्यासाठी जन्मभर हाच शब्द ऐकावा लागेल, हे काय ठाऊक!

आता हा लॅम्प म्हणजे काय ते सांगतो. घरातल्या जुन्या बल्बात तार असायची, यात तार नसते. चिंचोक्याएवढी जाड काचेची कुपी, तिच्यात पाऱ्याचा बारीकसा थेंब आणि समोरासमोर दोन टोकं. टोकांमधलं अंतर तांदळाच्या कणीएवढं. यंत्र चालू केलं की त्या टोकांना विजेचा मोठा तडाखा बसतो, ठिणगी पलीकडे उडी मारते, पाऱ्याची वाफ होते आणि मग दिवा सावकाश उजळत जातो. हा सुरुवातीचा तडाखाच दिव्याला खातो. दर वेळी टोकांची थोडी झीज होते, तो झिजलेला कण काचेला आतून काजळीसारखा चिकटतो. अंतर वाढतं, काच काळवंडते, चित्र लुकलुकायला लागतं आणि एक दिवस ठिणगीला पलीकडे उडी मारता येत नाही. संपला दिवा.

बंद करतानाही तीच गत. बटण दाबलं की दिवा जातो, पण पंखा चालू राहतो. तो त्या तापलेल्या कुपीला निववत असतो. लोकांना वाटतं यंत्र ऐकत नाही, म्हणून भिंतीवरचं बटण खटकन खाली. पंखा जागच्या जागी थांबतो, आतली धग आतच कोंडते. काच फुगते, पांढरी पडते, एखाद्या दिवशी फटाक्यासारखी फुटतेसुद्धा.

म्हणून माझं सांगणं सरळ असतं. चहा टाकायला उठलात तर चालू राहू द्या. जेवायला बसणार असाल तर रिमोटने बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत भिंतीला हात लावू नका. जेवण झाल्यावर पुन्हा बघायचंय म्हणत असाल तर आधीच जेवून घ्या. एवढंच शास्त्र आहे. पण पुण्यात हे पटवणं सोपं नाही. खोलीतून उठताना दिवा-पंखा बंद करायचा, हे इथे पाढ्यांच्या आधी शिकवतात. चालू दिवा मागे ठेवून उठायचं म्हटलं की चांगल्या घरातल्या माणसाला पाप केल्यासारखं वाटतं. दिवा जपायला जातात आणि जपता जपताच त्याला मारतात.

वाघोलीहून एक तरुण इंजिनिअर आला होता. नवा लॅम्प टाकून फार दिवस झाले नव्हते आणि काच काळीकुट्ट. म्हणाला, "काका, मी तर प्रॉपर ऑटोमेशन केलंय. रूममध्ये मोशन नसेल ना, की प्लग आपोआप कट होतो. लॅम्प वाचावा म्हणूनच केलं."

मी विचारलं, "अरे बाबा, पण सिनेमा बघताना माणूस हलतो कुठे?"

तो म्हणाला, "एक्झॅक्टली. तोच बग आहे. मी मध्ये मध्ये हात हलवतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हात हलवायचा विसरला की दिवा धाडकन जायचा, हलवला की परत तडाखा. मी त्याला म्हटलं, प्लग काढून टाक आणि दोन्ही हातांनी शेंगदाणे खा.

मार्केट यार्डातले एक गुळाचे आडतदार होते. त्यांना घरी मोठ्या पडद्यावर जुनी नाचगाणी बघायची हौस. पण भावाचा फोन आला की उठून भिंतीवरचं बटण बंद करायचे. मी कितीदा तरी समजावलं. ते म्हणाले, "मुजावरभाई, धंद्याचं बोलताना समोर नाच चालू असलेला लक्ष्मीला आवडत नाही. दिवा परत मिळेल, लक्ष्मी रुसली तर परत येत नाही." त्यांच्या हिशेबात ते बरोबरच होते.

दिवा परत मिळेल, असं म्हणता येण्याचे दिवसही आता सरत आले. नव्या यंत्रांत हा लॅम्प नसतोच. एलईडी असते, लेझर असतो, बटण दाबताक्षणी लख्ख उजेड. ती वर्षानुवर्षं चालतात आणि बिघडली की टाकून देतात. जुन्या मॉडेलचे अस्सल लॅम्प कंपन्यांनी बनवायचे बंद केले. नकली येतात, ते अंधूक पडतात आणि भरवशाचे नसतात. माझ्या धंद्याचीही टोकं झिजली आहेत, दुसरं काय. असो. मला सांगायचंय ते गोगटे काकांच्या दिव्याबद्दल.

फोन आला तो असा. "गोगटे बोलतोय. तुमच्याच पेठेतून. प्रोजेक्टर लुकलुकतोय. येणार आहात, का येत नाही हे सांगायला उद्या फोन करणार आहात?"

मी संध्याकाळी गेलो. दुसऱ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट. काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, घरातही. मूलबाळ नाही, नवरा-बायको दोघंच. दार उघडून त्यांनी आधी माझ्या मागचा जिन्यातला दिवा बंद केला, मग मला आत घेतलं.

समोरच्या खोलीत एक भिंत पांढरी, कोरी. तिच्यासमोर वेताच्या खुर्चीत सुमतीकाकू बसलेल्या. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. माझ्याकडे बघून छान हसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, दिवेवाले आलेत. त्यांना पाणी द्या. दिवे लागायची वेळ झाली."

काकांनी मला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं. काकू गेली काही वर्षं विसरत चालल्या होत्या. आधी नावं, मग घरं, मग माणसं. पूर्वी त्या पेठेतल्या बायकांचा मंगळागौरीचा गट चालवायच्या. झिम्मा, फुगड्या, पिंगा, लाटणं घेऊन खेळायचे खेळ. श्रावणात ठिकठिकाणी बोलावणी असत. बायकांना आपापल्या चुका दिसाव्यात म्हणून हौसेने हा प्रोजेक्टर त्यांनीच घेतला होता. कार्यक्रमाचं चित्रण भिंतीवर लावायचं आणि सगळ्यांनी मिळून बघायचं, "अगं, तुझा पाय बघ कुठे पडतोय!"

"आता तिला शेजारीण ओळखू येत नाही," काका म्हणाले. "मीही येतो-जातो. कधी असतो, कधी नसतो. पण भिंतीवर त्या बायका आल्या की नावानिशी सगळ्या ओळखते. टीव्हीवर लावून पाहिलं. म्हणाली, बाहुल्या कशाला नाचवताय? तिला माणसाएवढ्या बायका लागतात."

मी यंत्र उघडलं. कुपी काळवंडलेली होती. यंत्रात नोंदलेले दिव्याचे तास बघितले तर फारसे झालेले नाहीत, पण किती वेळा पेटवला तो आकडा बघून मी डोक्यालाच हात लावला. "काका, हा दिवा तुम्ही पेटवता किती वेळा?"

"ती सांगते तेवढ्या वेळा," ते म्हणाले.

मग मी स्वतःच बघितलं. काकांनी बटण दाबलं. पंखा घरघरला, भिंत आधी करड्या रंगाची झाली, मग हळूहळू उजळत गेली. त्या उजेडासरशी काकूंनी हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटल्या. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागतो तेव्हा घरची बाई हात जोडते, तसेच. मग भिंतीवर त्या बायका आल्या. हिरव्या-जांभळ्या नऊवाऱ्या, कंबर कसून गोल धरलेला. काकू टाळ्या देत होत्या, खुर्चीत बसल्या बसल्या पाय आपटत होत्या. "विमल, अगं हात वर! कुसुमला दम लागला बघा."

गोलाच्या मधोमध एक बाई होती, सगळ्यांत जोरात फिरणारी. काकूंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. "अहो, ती मधली कोण हो? फारच नाचते."

काका म्हणाले, "आहे एक ओळखीची."

ती मधली म्हणजे काकूच होत्या. सगळ्या ओळखल्या, स्वतःला तेवढं ओळखलं नाही. मी मान खाली घालून स्क्रू आवळत बसलो. दुसरं काय करणार होतो?

थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, "चला, बायका दमल्या. दिवा शांत करा." काकांनी रिमोट दाबला आणि लगेच, वीज खात्यातल्या माणसाच्या सवयीने, भिंतीवरचं बटणही बंद केलं. पंखा घुसमटून थांबला. आणि पाणी पिऊन होतं न होतं तोच काकू परत म्हणाल्या, "अहो, अजून दिवे नाही लावले? तिन्हीसांजा टळून गेल्या की!" काका उठले. तापलेला दिवा लगेच पेटेना. काकूंचा चेहरा बदलायला लागला. "घरात अंधार का आहे? कोण गेलं? मला कोणी सांगत का नाही?" त्या उठून खोल्यांमधून फिरायला लागल्या, दारं उघडायला लागल्या. काका त्यांच्या मागे मागे, "कोणी नाही गेलं ग, सुमे, कोणी नाही गेलं," म्हणत.

दिवा पेटला तेव्हा कुठे त्या परत खुर्चीत बसल्या. त्या संध्याकाळी मला कळलं, की या घरात दिवा गेला म्हणजे नुसतं यंत्र बंद पडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक एलईडीचं नवं यंत्र घेऊन गेलो. म्हटलं, हे कितीही वेळा चालू-बंद करा, याला काही होत नाही. काकांनी बटण दाबलं आणि भिंतीवर भस्सकन दहा-बारा बायका उभ्या राहिल्या. काकू किंचाळल्याच. "या घरात एकदम कशा घुसल्या? दार कोणी उघडलं?" हात जोडायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. आधी पंख्याची घरघर, मग करडा उजेड, मग दिवा, मग बायका, असा त्यांचा क्रम होता. सगळं विसरल्या होत्या, पण हा क्रम विसरल्या नव्हत्या. काका म्हणाले, "घेऊन जा. फार हुशार यंत्र आहे, आमच्याकडे नको."

मग मी त्यांच्या मॉडेलचा अस्सल लॅम्प शोधायला लागलो. व्यापाऱ्यांना फोन केले, ओळखीच्यांना पिडलं. शेवटी लग्नकार्यात प्रोजेक्टर भाड्याने देणारा माझा एक जुना मित्र धंदा गुंडाळत होता, त्याच्या माळ्यावर एक मिळाला. सीलबंद. मी तो छातीशी धरून आणला. बसवताना काकांना सांगितलं, "काका, हा शेवटचा. यानंतर मी तुम्हाला नकली देऊ शकेन, पण त्याची खात्री देणार नाही. याला सारखा पेटवायचा नाही आणि भिंतीवरून तर बंद करायचाच नाही."

काका म्हणाले, "चालू ठेवला तरी तास जातातच ना? आयुष्यभर लोकांना वीज वाचवा म्हणून सांगत आलो. म्हातारपणी रिकाम्या भिंतीवर दिवा जाळू?"

"तास जातात. पण सारखं पेटवण्यात त्याहून जास्त जातं. झीज दोन्हीकडून आहे, काका. कमी कुठली ते बघायचं."

"आणि तिने 'शांत करा' म्हटल्यावर?"

तिथे मला सभागृहातली एक जुनी युक्ती आठवली. व्याख्यान चालू असताना वक्ते मध्येच म्हणतात, "जरा तो उजेड घालवा हो." आम्ही यंत्र बंद करत नाही, भिंगासमोर पुठ्ठा धरतो. भिंगाला चिकटवायचा नाही, नाहीतर धग परत आत जाते. चार बोटं पुढे धरायचा. लोकांना वाटतं दिवा गेला, तो बिचारा मागे जळत असतो. मी काकांच्या घरातलं बिस्किटाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण घेतलं, काळं रंगवलं, भिंगापुढे टांगलं आणि सुतळी वरच्या हुकावरून त्यांच्या खुर्चीपर्यंत आणली. दोरी सोडली की अंधार, ओढली की उजेड.

पहिल्या संध्याकाळी काकांनी दोरी हातात घेतली आणि मी दचकलो. उजेड परत भस्सकन येणार, मग एलईडीत आणि यात फरक काय? हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण काकांच्या आलं होतं. त्यांनी दोरी इतकी सावकाश ओढली, की झाकण वर जाताना दिसतच नव्हतं. ते भिंगाजवळ असल्यामुळे त्याची कड भिंतीवर उमटत नाही, सगळं चित्रच मंद मंद उजळत जातं. भिंत करडी झाली, मग पिवळसर, मग लख्ख. काकूंनी हात जोडले.

मी म्हटलं, "वा, काका! हे कधी सुचलं?"

"सुचायचं काय त्यात?" काका म्हणाले. "तिला कसा दिवा हवा ते तुमच्यापेक्षा मला जास्त माहीत असणार ना?"

त्यानंतर तो दिवा संध्याकाळी एकदाच पेटायचा आणि काकू झोपायला गेल्या की एकदाच जायचा. मधल्या वेळात काका एका हातात सुतळी आणि दुसऱ्या हातात आवाजाचा रिमोट घेऊन बसलेले. काकूंनी कितीही वेळा 'शांत करा' म्हणावं, कितीही वेळा 'दिवे लावा' म्हणावं. लाइट कधी मध्येच गेली तर म्हणून मी एक लहान यूपीएस लावून दिला, पंख्याला दिवा निववायला वेळ मिळावा एवढ्यापुरता. मी मावळतीची मगरिबची नमाज पढून, दुकान बंद करून अधूनमधून तिकडे जायला लागलो. काम नसायचं. धूळ झटकायची म्हणून जायचो. काकू प्रत्येक वेळी नव्याने म्हणायच्या, "दिवेवाले आलेत, त्यांना पाणी द्या." आणि प्रत्येक वेळी विचारायच्या, "ती मधली कोण हो?"

एकदा काकांना मी आईचा तो 'बढाना' सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे तुमचं आडनाव मुजावर, धंदा दिव्याचा आणि आई असं बोलणारी. तुम्हाला दुसरं काही करताच येणार नव्हतं. कपाळावरच लिहून आणलं होतंत." वर्षभर तरी असं चाललं असेल. दिव्याची काच मी दर वेळी बघायचो. स्वच्छ होती. मला मनातून गर्व वाटायचा, खोटं कशाला बोलू!

पावसाळा संपता संपता काकूंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात हलवलं ते संध्याकाळीच. मला दोन दिवसांनी कळलं. भेटायला निघालो, तर वाटेतच विमलताई भेटल्या, भिंतीवरच्या त्याच. म्हणाल्या, "उशीर झाला हो, भाई. पहाटेच गेली."

त्यांच्या घरी जायला मला चार-सहा दिवस लागले. गेलो तेव्हा दार उघडंच होतं. बायका भेटून नुकत्याच गेल्या असाव्यात, घरात काका एकटे. आतल्या खोलीत जमिनीवर कणकेचा दिवा तेवत होता, काकांच्यात गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा. मी शेजारी बसलो. तेवढ्यात मला पलीकडच्या खोलीतून ओळखीची घरघर ऐकू आली.

मी उठून गेलो. वेताची खुर्ची रिकामी. भिंत काळोखी. झाकण भिंगापुढे खाली उतरलेलं आणि त्याच्या मागे यंत्र चालू. वर हात ठेवला, चांगलंच तापलेलं.

काका मागे येऊन उभे राहिले होते. "तिला नेलं त्या संध्याकाळी दोरी सोडली. म्हटलं, येईल, मग परत ओढू. ती काही आली नाही." मग म्हणाले, "तेव्हापासून चालूच आहे. बंद कसा करू? तुम्हीच म्हणालात ना, हा शेवटचा आहे, जपा."

जन्मभर जिन्यातला दिवासुद्धा बंद करत आलेला माणूस. मी म्हटलं, "काका, एवढा अखंड नाही जाळायचा त्याला. त्यालाही विसावा लागतो."

"मग तुम्ही करा. माझा हात जात नाही." मी रिमोट उचलला, तेवढ्यात ते म्हणाले, "आणि बंद म्हणू नका. शांत म्हणू नका. तो शब्द तिचा होता. तुमच्या आई काय म्हणायच्या?"

"बढाना. वाढवणे."

ते रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. "आमच्यात बांगड्या वाढवतात. तिला तशी वेळ आली नाही. सवाष्ण गेली, हिरवा चुडा हातात घालून गेली. वाढवायचं राहिलं ते एवढंच." मग त्यांनी सुतळी हातात घेतली. "थांबा. एकदा बघू."

त्यांनी दोरी ओढली, सावकाश, नेहमीसारखी. भिंत करडी झाली, पिवळसर झाली, उजळली. बायका गोल धरून खेळत होत्या. आवाज बंद होता. इतके दिवस त्या झाकणामागे तशाच खेळत होत्या, कोणी बघत नसताना. मधोमध ती जोरात फिरत होती, पदर खोचलेला, हसत.

काकांनी हात जोडले. तोंड उघडलं. "ती मधली..."

मी म्हटलं, "आहे एक ओळखीची."

त्यांनी मान हलवली. दोरी तशीच धरून म्हणाले, "वाढवा, मुजावर."

मी बटण दाबलं. भिंत काळी झाली. सवयीने काकांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. आत पंखा चालू होता. आम्ही दोघं त्या अंधारात तो थांबायची वाट बघत उभे राहिलो.